पोटातल्या पिढीचा भूकंप

११ डिसेंबर १९६७, सोमवार. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. पाटण तालुक्यात कोयनेच्या काठची गावं गाढ झोपेत होती. डिसेंबरची थंडी, ओढून घेतलेली दारं, विझलेल्या चुली, गोठ्यात बांधलेली गुरं. कोयना धरणाच्या भिंतीच्या पोटातल्या एका गॅलरीत एक यंत्र बसवलेलं होतं. जमीन कधी हादरलीच, तर तो हादरा कागदावर उमटवायचा, एवढंच त्याचं काम. त्या पहाटे त्यानं उमटवलेली वेडीवाकडी रेघ पुढे जगभरच्या अभियंत्यांच्या अभ्यासात गेली. हादऱ्याचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट. धरण बांधताना हिशेबात धरला होता तो ०.०५ पट.

धरणाला भेगा गेल्या, पण ते उभं राहिलं. शेजारचं कोयनानगर मात्र आडवं झालं. खोऱ्यातली घरं दगडमातीची आणि वर कौलांचं ओझं. भिंती बाहेर फेकल्या गेल्या आणि आढी झोपलेल्यांच्या अंगावर आली. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, दोन हजारांवर जखमी झाली, हजारो कुटुंबं एका क्षणात उघड्यावर पडली. हादरा मुंबई, पुणे, गोव्यापर्यंत जाणवला. कोयनेची वीज तुटल्यानं मुंबईत अंधार झाला. भूकंपाची तीव्रता तेव्हा ६.५ सांगितली गेली, पुढच्या अभ्यासांत ती ६.३ धरली जाते.

त्या पहाटे त्या खोऱ्यात कितीतरी बायका दोन जिवांच्या होत्या. कुणाला नुकतेच दिवस गेलेले, कुणी सातव्यात, कुणाच्या कळा सुरू व्हायच्या बेतात. त्यांच्या पोटातली मुलं डिसेंबर १९६७ ते सप्टेंबर १९६८ या नऊ-दहा महिन्यांत जन्माला आली. भूकंप त्यांनीही पाहिला, पण आतून.

त्या मुलांचं पुढे काय झालं, हा प्रश्न त्या धावपळीत कुणाच्या मनात येणं शक्य नव्हतं. आज तो विचारता येतो, कारण मधल्या साठेक वर्षांत जगानं याच प्रश्नावर पुष्कळ काम केलं आहे. त्यातलं एक महत्त्वाचं काम तर १९६७ सालच्याच एका संकटावर उभं आहे.

*

कोयनेचा भूकंप अचानक आला असं म्हणतात. खोऱ्यातल्या माणसांना तो तितकासा अचानक नव्हता. धरणाचं काम १९५४ साली सुरू झालं आणि बासष्टच्या सुमारास त्याचा जलाशय, शिवसागर, भरू लागला. त्यानंतर जमीन गुरगुरू लागली. लांब कुठेतरी सुरुंग उडाल्यासारखा आवाज यायचा, भांडी किणकिणायची, भिंतीची माती सुटायची. दख्खनचा हा कातळ भूकंपाच्या दृष्टीनं निर्धोक मानला जात होता, त्यामुळे या आवाजांचं काय करायचं हे जाणत्यांनाही नीट उमगत नव्हतं. भूकंपमापक यंत्रं बसली, नोंदी होऊ लागल्या. मग १३ सप्टेंबर १९६७ ला जोराचा धक्का बसला. घरांना तडे गेले. लोक घाबरले, काही रात्री अंगणात काढल्या आणि परत आत झोपू लागले. पाऊस सरत आला होता, भात कापणीला येत होतं. माणूस किती दिवस अंगणात झोपणार?

डिसेंबरात सातवा महिना लागलेल्या बाईचा हिशेब करून पाहावा. तिला दिवस गेले ते उन्हाळा सरताना. सप्टेंबरचा धक्का बसला तेव्हा चौथा महिना. त्यापुढचा प्रत्येक गडगडाट तिनं पोटावर हात ठेवून ऐकला असणार. तिचं गरोदरपण आणि जमिनीचं गुरगुरणं असं बरोबरीनं चाललं होतं. त्याच्याही आधी खोऱ्यातल्या शंभराच्या आसपास गावांना पाण्याची झळ लागली होती. कुणाची सगळी जमीन शिवसागरात गेली, कुणाचे सोयरे घरदार उचलून रायगड, सोलापूर, सांगलीकडे निघून गेले. शेजार तुटला होता.

आणखी एक गोष्ट पाटणची म्हणून सांगायला हवी. या डोंगराळ तालुक्यातला कर्ता पुरुष मुंबईला असायचा. गिरणीत, नाहीतर दाणाबंदरात पाठीवर पोती वाहत. माथाडी कामगारांना एकत्र बांधणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. ज्यांच्यासाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्यांतल्या कित्येकांची बायकामुलं १९६७ च्या त्या पहाटे गावाकडे होती. घरात सासू, धाकटी नणंद, लहान पोरं आणि ती. मुंबईत वीज गेली, कोयनेला काहीतरी झालं एवढी कुजबुज खोल्या-खोल्यांतून पसरली आणि माणसं कऱ्हाडच्या वाटेला लागली. घर उभं आहे की नाही, हे पोचल्यावर कळणार.

गरवार बाईला आधार कशाचा असतो, तर माहेराचा. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. आई असते, सुईण ओळखीची असते, सासरच्या कामातून सुटका असते. परंतु या खोऱ्यात सोयरिकी बहुधा आसपासच्या गावांतच व्हायच्या. सासर पडलं तसं माहेरही पडलं. ज्या उंबऱ्यावर जाऊन टेकायचं तो उंबराच राहिला नव्हता.

मग आली उघड्यावरची थंडी. धक्के थांबत नव्हते. दिवसा पडलेल्या घरातून भांडी, धान्य, कपडे उपसायचे आणि रात्री शेकोटीभोवती गोधड्या गुंडाळून बसायचं. पुढे पत्र्याच्या शेडी आल्या. पत्रा दुपारी तापतो आणि रात्री गारठतो. त्यात बाळंतिणीची बाज, शेकशेगडी, न्हाणी, अंगावरचं दूध, सगळं चार माणसांच्या देखत. डिंक-हळीव कुठून आणणार? ज्या घरात माणूस गेलं होतं तिथे तर सुतक आणि सोहेर एका छपराखाली आलं असेल.

पाटणचे आमदार आणि राज्याचे मंत्री बाळासाहेब देसाई यांनी पुनर्वसनाच्या कामात स्वतःला झोकून दिलं, त्याची आठवण तालुका आजही काढतो. सरकारी मदत आली, मुंबईकरांनी वर्गण्या केल्या. त्याच सुमारास शास्त्रज्ञही आले. युनेस्कोचं पथक आलं, खडकवासल्याचं जल आणि विद्युत संशोधन केंद्र आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था कामाला लागली. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोयनेवर आयुष्य वेचलं. धरणाच्या पाण्यामुळे भूकंप घडू शकतो याचं जगातलं सर्वांत ठळक उदाहरण म्हणून कोयनेचं नाव झालं. कऱ्हाडजवळ त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठणे गावात जमिनीच्या पोटात तब्बल तीन किलोमीटर खोल भोक पाडून कातळाची नाडी तपासली गेली.

हे काम मोलाचं आहे, यात शंका नाही. खंत एवढीच, की जमिनीच्या पोटात तीन किलोमीटर जाणाऱ्या माणसाला बाईच्या पोटातल्या हादऱ्याची चौकशी सुचायला फार उशीर लागला. ही चूक एकट्या कोयनेची नाही. साऱ्या जगात तसंच घडलं.

*

त्याच १९६७ सालच्या जूनमध्ये, ५ ते १० तारखेदरम्यान, इस्रायल आणि अरब राष्ट्रांत सहा दिवसांचं युद्ध झालं. जेरुसलेम शहरात तोफा धडाडल्या. सहाच दिवस, मग सारं शांत. जेरुसलेममध्ये १९६४ ते १९७६ या काळात जन्मलेल्या मुलांच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या आणि देशात मानसोपचारासाठी दाखल होणाऱ्या रुग्णांची नोंदवहीही होती. न्यूयॉर्कच्या डोलोरेस मालास्पिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन वह्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. ८८,८२९ माणसं. निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. युद्धाच्या वेळी ज्यांच्या आयांना दुसरा महिना होता, त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण इतरांच्या २.३ पट निघालं. मुलींमध्ये तर ४.३ पट.

दुसरा महिना म्हणजे पोट दिसतही नाही तो काळ. आपल्याकडे तर तीन महिने होईपर्यंत बातमी घराबाहेर सांगत नाहीत. जिला कुणी ‘जपून’ म्हणत नाही, त्याच बाईच्या पोटात मेंदूचा पाया घातला जात असतो.

या वाटेवरचं पहिलं पाऊल त्याआधी तीस वर्षं फिनलंडमध्ये पडलं होतं. माटी हुटुनेन आणि पेक्का निस्कानेन यांनी १९७८ साली एक साधी, मन पिळवटणारी तुलना केली. वडील वारले तेव्हा जी मुलं आईच्या पोटात होती ती एका बाजूला, आणि ज्यांचे वडील जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात वारले ती दुसऱ्या बाजूला. पोरकेपण दोघांच्याही वाट्याला सारखंच. आईचं दुःख, घरची ओढाताण सारखीच. तरीही मोठेपणी मानसिक आजार पहिल्या गटात जास्त आढळले. फरक इतकाच, की आईवर आकाश कोसळलं तेव्हा ही मुलं तिच्या पोटात होती.

कोयनेच्या सर्वांत जवळचं उदाहरण चीनमधलं. २८ जुलै १९७६, तांगशान शहर, वेळ पहाटेची तीन बेचाळीस. भूकंपानं अडीच लाखांच्या आसपास माणसं गिळली. तेव्हा आईच्या पोटात असलेली मुलं अठरा वर्षांची झाली, तेव्हा त्यांची तपासणी झाली. भूकंप पोटात असताना झेललेल्या मुलांमध्ये नैराश्य अधिक तीव्र होतं, मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा जास्त आणि आईला मधले तीन महिने चालू असताना धक्का बसलेल्यांत विशेष. जेरुसलेममध्ये मुलींना जास्त झळ लागली, तांगशानमध्ये मुलग्यांना. हा विरोध अजून पुरता उलगडलेला नाही. गर्भाचं वय, संकटाचं स्वरूप आणि नंतर मिळालेला सांभाळ यांची गुंतागुंत त्यामागे असावी.

हे सगळे अभ्यास मागे वळून केलेले. मुलं मोठी झाली, मग कुणीतरी जुन्या वह्या उघडल्या. पहिल्या दिवसापासून मुलांच्या सोबत चालत गेलेलं काम झालं ते कॅनडात.

जानेवारी १९९८ मध्ये क्वेबेक प्रांतात बर्फाचा पाऊस पडला. पडणारा थेंब तारेवर, फांदीवर गोठत गेला आणि त्या वजनानं विजेचे मनोरे वाकले. लाखो घरं अंधारात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत. काहींच्या घरी पाच-सहा आठवडे वीज आली नाही. माँट्रियलमध्ये मानसशास्त्रज्ञ सुझॅन किंग यांना सुचलं, की आता ज्या बायका गरोदर आहेत त्यांना आताच गाठलं पाहिजे. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी प्रश्नावल्या पाठवल्या. त्यांनी एक बारकावा सांभाळला, आणि तो फार मोलाचा ठरला. बाईवर प्रत्यक्ष किती हाल गुदरले हे त्यांनी वेगळं मोजलं आणि तिला किती भीती वाटली हे वेगळं. हालांचं माप ३२ गुणांचं. जिवाला धोका किती होता, नुकसान किती झालं, त्रास किती दिवस चालला, रोजच्या जगण्यात बदल किती करावा लागला, या चार गोष्टींना आठ-आठ गुण.

मुलं दोन वर्षांची झाली तेव्हा दिसलं, की ज्यांच्या आयांनी जास्त हाल सोसले ती बोलण्यात आणि समजुतीत थोडी मागे होती. साडेपाचव्या वर्षीही शब्दसंपत्तीत फरक उरला होता. तेराव्या वर्षी काही मुलांच्या रक्ताची तपासणी झाली. आपल्या जनुकांवर काही रासायनिक खुणा असतात. कोणतं जनुक बोलकं राहील आणि कोणतं गप्प, ते त्या ठरवतात. त्या खुणांतला फरक आईच्या भीतीशी जुळला नाही. जुळला तो तिनं सोसलेल्या हालांशी.

हा निष्कर्ष पाटणच्या पत्र्याच्या शेडीत उभं राहून वाचायला हवा. बाई भित्री होती की खंबीर, रडली की दात-ओठ आवळून उभी राहिली, यावर सगळं ठरत नाही. तिला किती दिवस छप्पर नव्हतं, किती रात्री थंडीत काढाव्या लागल्या, पाणी किती लांबून आणावं लागलं, याचाही हिशेब पोटातलं मूल ठेवत असतं. म्हणजे आठवडाभर आधी मिळालेलं छप्पर हे त्या मुलाच्या मेंदूवरचंही छप्पर असतं.

*

हा हिशेब पोटात पोचतो कसा? धक्का बसला की आईच्या मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथी कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. ते वाईट नाही. संकटात पळायला, लढायला, जागं राहायला तेच बळ देतं आणि गर्भाची फुप्फुसं पिकायलाही ते लागतं. मात्र त्याचा अतिरेक वाढत्या मेंदूला सोसत नाही. त्यासाठी निसर्गानं मधे राखण बसवली आहे ती वारेची. बाळंतपणात सुईण जिची वाट पाहते, पुरी पडली की नाही ते निरखून बघते, तीच वार. तिच्यात एक विकर असतं, ते आईकडून आलेलं बरंचसं कॉर्टिसोल वाटेतच निकामी करतं. आई घडीभर दचकली, घरात भांडण झालं, तर बाळाला त्याची फारशी तोशीस लागत नाही. ताण मोठा असला आणि लांबला, की हे विकर थकतं. राखण ढिली पडते. मग भीतीचं आणि भावनांचं नियमन करणारे मेंदूचे भाग आणि मुलाची स्वतःची ताणाची यंत्रणा एका वेगळ्याच अंदाजानं घडू लागते. बाहेरचं जग धोक्याचं आहे असं समजून ते मूल सज्ज होऊन जन्माला येतं. लवकर दचकणारं, उशिरा शांत होणारं.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरात १९९१-९२ साली चौदा हजारांवर गरोदर बायकांचा मोठा अभ्यास सुरू झाला. तिथे ना भूकंप, ना युद्ध. नेहमीचंच जगणं. तरीही गरोदरपणाच्या शेवटी जास्त काळजीत असलेल्या आयांच्या मुलांत चौथ्या वर्षी वागणुकीच्या आणि भावनांच्या अडचणी दुपटीच्या आसपास दिसल्या. दारूचा त्रास, मारहाण, कर्ज, मुलगाच हवा म्हणून रोज ऐकावे लागणारे टोमणे यांची नोंद कुठलंही भूकंपमापक घेत नाही. ताण मात्र तोच.

पोटातले महिने जन्मभर पुरतात हे महाराष्ट्रानं स्वतःच्या अंगणातही तपासलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि मुलांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडची साडेतीन किलोची. आपली बाळं दिसायला बारीक, पण चरबी राखून. पुढच्या मधुमेहाची मुळं त्यांना तिथे सापडली. त्यांची मोजमापं आहाराची होती, मनाची नव्हे. पण वर्षानुवर्षं एकाच गावात परत परत जाऊन तीच मुलं तपासायची चिकाटी महाराष्ट्राकडे आहे, हे त्या कामानं दाखवून दिलं.

*

इथे थांबून एक गोष्ट ठासून सांगायला हवी, नाहीतर या लेखानं चांगल्यापेक्षा वाईटच होईल. वरचे आकडे वाचून ज्या आईचं मूल आज आजारी आहे तिला वाटेल, ‘माझ्यामुळेच.’ तसं नाही. स्किझोफ्रेनिया शंभरात जेमतेम एकाला होतो. धोका दुप्पट झाला तरी शंभरातली अठ्ठ्याण्णव मुलं त्यापासून दूरच राहतात. आजाराला आनुवंशिकता लागते, बालपण लागतं, पुढचे प्रसंग लागतात आणि गर्भातला ताण हा त्यांतला एक धागा असतो. भूकंपाच्या अभ्यासांना किंमत आहे ती याचसाठी. भूकंप बाईचा स्वभाव पाहून येत नाही. तो सगळ्यांना सारखा हलवतो, आणि म्हणून आईचा दोष आणि संकटाचा परिणाम वेगळे काढता येतात. दोष आईचा निघत नाही.

आपल्याकडे गर्भावर परिणाम होतो ही समजूत फार जुनी आहे. चक्रव्यूह पोटात असताना ऐकणारा अभिमन्यू घराघरांत माहीत आहे. त्या समजुतीत शहाणपण आहे, पण तिचं ओझं नेहमी बाईच्याच डोक्यावर येतं. तिनं चांगलं वाचावं, चांगलं ऐकावं, राग धरू नये, रडू नये. तिनं राग धरू नये म्हणून घरानं काय करावं, गावानं काय करावं, याची पोथी कुणी लिहीत नाही.

ती पोथी लिहायला चिलीचा अनुभव उपयोगी पडेल. १३ जून २००५ ला चिलीच्या उत्तरेला तारापाका भागात मोठा भूकंप झाला. समाजशास्त्रज्ञ फ्लोरेन्सिया तोर्चे यांनी तिथल्या जन्मनोंदी तपासल्या. पहिल्या तीन महिन्यांत धक्का बसलेल्या आयांची बाळं सरासरी ५१ ग्रॅमनं हलकी निघाली. पुढे मुलं सात वर्षांची झाल्यावर त्यांनी बौद्धिक चाचण्या घेतल्या. गरीब घरांतली मुलं मागे पडलेली दिसली. मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांवर काहीच परिणाम आढळला नाही. जमीन दोघांच्याही पायाखालची हलली होती. एका घराकडे झीज भरून काढायला वेळ, पैसा आणि माणसं होती. दुसऱ्याकडे नव्हती.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला जानेवारी २०११ मध्ये महापूर आला तेव्हा सुझॅन किंग आणि त्यांचे तिथले सहकारी पुन्हा कामाला लागले. काही बायकांना तिथे गरोदरपणापासून बाळंतपणापर्यंत ओळखीची एकच सुईण मिळायची. काहींना दर खेपेला नवा चेहरा. ज्यांना एकीचीच सोबत मिळाली त्यांच्यावर आणि त्यांच्या बाळांवर पुराचा भार कमी पडला.

हे वाचून पाटणच्या आजीबाईंना नवल वाटणार नाही. गावची सुईण, डोहाळजेवणाला जमणाऱ्या बायका, ‘तू बस, मी आणते पाणी’ म्हणणारी जाऊ. ही सगळी व्यवस्था १९६७ साली पडक्या घरांच्या मधोमध काही प्रमाणात शाबूत राहिली असणार. त्या पिढीतली बहुसंख्य मुलं धडधाकट वाढली, शिकली, मुंबईला गेली, फौजेत गेली, त्यात या न मोजलेल्या सोबतीचा वाटा मोठा असावा. मागे राहिली ती ज्यांना सोबत मिळाली नाही ती. पाय धरून बसलेली धास्ती, दारू, न बोलता झुरणं, कुणी ‘अंगात आलं’ म्हणून सोडून दिलेलं. मनाच्या आजारासाठी त्या काळी वाट होती येरवड्याची नाहीतर रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाची, आणि ती वाट धरायला लोक शेवटपर्यंत कचरत.

*

पाटण तालुक्यात एक कागद घरोघर जपून ठेवलेला असतो. भूकंपग्रस्ताचा दाखला. सरकारी नोकरभरतीत भूकंपग्रस्तांसाठी दोन टक्के जागा राखीव असतात आणि या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घातले जातात. भूकंपाचा फटका कुटुंबाला पिढ्यान्‌पिढ्या पुरतो हे सरकारनं अशा रीतीनं केव्हाच मान्य केलं आहे. घराचा, जमिनीचा, नोकरीचा वारसा त्या कागदात येतो. गर्भातून आलेला वारसाही त्याच घरात आहे.

आणि संकटं संपलेली नाहीत. २००० आणि २००५ मध्ये कोयनेनं पुन्हा पाचाच्या पुढचे धक्के दिले. जुलै २०२१ मध्ये पावसानं कहर केला आणि आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आला. ढिगाऱ्याखाली माणसं गेली, वाचलेल्यांना गाव सोडून निवाऱ्यात राहावं लागलं. त्या रात्री ज्या बायका गरोदर होत्या त्यांची मुलं जुलै २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात जन्मली. अंगणवाडीच्या वहीत त्यांची नावं आहेत, वजनं आहेत, लशींच्या तारखा आहेत. ती दचकतात का, बोलायला उशीर झाला का, आई रात्री झोपते का, एवढे तीन प्रश्न त्याच वहीत विचारायला वेगळा निधी लागत नाही. गरोदर बाईचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन तपासणाऱ्या आशाताईंना आणि नर्सताईंना मनाचीही विचारपूस करण्यासाठी दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली १९८७ पासून जगात उपलब्ध आहे. ज्या बाईचं उत्तर काळजीचं असेल तिला १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लावून देता येतो. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि पलीकडून मराठीत बोलतात. दरड कोसळली की मदतीच्या पहिल्या गाडीतून ब्लँकेटं जातात. त्याच गाडीत गावातल्या गरोदर बायकांची यादी असावी आणि पहिलं कोरडं छप्पर त्यांना मिळावं. क्वेबेकच्या तेरा वर्षांच्या मुलांच्या रक्तानं हेच सांगितलं आहे.

१९६८ च्या पहिल्या नऊ महिन्यांत कोयनेच्या खोऱ्यात जन्मलेली माणसं आता सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या पुढे आहेत. त्यांच्या आयांतल्या ज्या हयात आहेत, त्या पंचाहत्तरीच्या घरात किंवा त्याच्याही पुढे. त्या पहाटे कुठे होता, पोटात कितवा महिना होता, किती रात्री उघड्यावर काढल्या, कुणी भाकरी आणून दिली, बाळंतपण कुणी केलं, हे त्यांना लख्ख आठवत असणार. ज्यांची आई आहे त्यांनी या दिवाळीत तिच्याजवळ बसून हे विचारावं आणि वहीत उतरवून ठेवावं.